लांग्झाचे वाटाणे : वाटाड्यासोबत दुचाकीवरून स्पितीला गेलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत

अजिंक्यतारा (सातारा)

येत्या रविवारी माझा भाचा दुचाकीवरून हिमाचलमधल्या स्पितीला निघतो आहे. त्याने माझे जाकीट मागितले म्हणून परवा ते माळ्यावरून काढले, आणि झटकताना आतल्या खिशातून दहा-बारा वाळलेले वाटाणे फरशीवर पडले. ते वेचता वेचता २०१८ सालची लांग्झा गावातली एक रात्र आठवली. ती मी घरी कधीही पूर्ण सांगितलेली नाही.

आम्ही नऊ जण होतो. आमचा वाटाड्या स्पितीतल्या काझा या मुख्य गावाजवळच्याच एका गावचा, पंचविशीतला मुलगा होता. त्याने आम्हाला शिमला, कल्पा, नाको, ताबो अशा किन्नौरच्या वाटेने नेले. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे काझा जेमतेम दोनशे किलोमीटर असताना हा एवढा फेरा कशासाठी, असा वाद मी त्याच्याशी पहिल्याच दिवशी घातला. तो शांतपणे म्हणाला की, या रस्त्याने उंची हळूहळू वाढते आणि प्रत्येक मुक्कामात शरीराला थोडी सवय होते. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. नाकोचा मुक्काम त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर होता. हे आकडे निघण्यापूर्वीच मला पाठ होते, तरी मी वाद घातला.

काझात एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही लांग्झाला चढलो. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे मातीची पांढरी घरे, छपरांवर रचलेला चारा, वाटाण्याची आणि जवाची शेते, आणि गावाच्या वर हिमशिखराकडे पाठ करून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. संध्याकाळी माझे डोके ठणकू लागले. दुसऱ्या दिवशी हिक्कीम आणि कोमिक ही दोन गावे पाहायची होती आणि ती चुकू नयेत म्हणून मी कोणालाच काही सांगितले नाही. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंना सगळे आमा, म्हणजे आई, म्हणत. त्यांना हिंदी फारसे येत नव्हते. माझ्या वाडग्यातला थुक्पा तसाच राहिलेला पाहून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि थेट बाहेर जाऊन वाटाड्याला हाक मारली. बोटाला लावायच्या यंत्रात रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण अडुसष्ट टक्के दिसले. मी "सकाळपर्यंत थांबू" म्हणत होतो, आणि ज्याच्याशी मी पाच दिवस हुज्जत घातली होती तो मुलगा मला हाताला धरून मागच्या गाडीत बसवत होता. रात्री अकरा वाजता त्याने मला काझात उतरवले, डॉक्टरांना दाखवले आणि पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी माझी बुलेट त्याने स्वतः खाली आणली, आणि आमांनी कागदात बांधून दिलेले हे वाटाणे माझ्या हातात ठेवले.

कोमिक मी आजतागायत पाहिलेले नाही. आमांचे आभार मानायचेही राहून गेले. तुमच्यापैकी जे कोणी तिकडे गेले असतील त्यांनी, आपल्याला कोणी सांभाळले, कोणी अडवले, तेही अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, तुमचे लिखाण वाचून हात थांबवता आला नाही, कुकर गॅसवर ठेवूनच लिहिते आहे.

आम्ही परतताना कुंझुम उतरून बातलहून छत्रूकडे चाललो होतो. तिथे रस्ता आणि ओढा यांत फरक उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या तळमजल्यात कृष्णेचे पाणी शिरले होते, आणि तेव्हापासून वाहत्या पाण्याचा नुसता आवाज आला तरी माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या वाटाड्याने आदल्या रात्रीच बजावले होते की पहाटे साडेपाचला निघायचे, कारण ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेले पाणी दुपारी मांडीला लागते. पहिल्या नाल्याशी त्याने सर्वांच्या गाड्या थांबवल्या, स्वतः बूट काढून त्या गोठवणाऱ्या पाण्यातून पलीकडे चालत गेला आणि कोणत्या दगडाच्या कोणत्या बाजूने यायचे ते दाखवले. पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, आणि नजर पाण्यावर न ठेवता समोरच्या काठावर, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी मध्यभागी अडखळले आणि गाडी आडवी झाली. घाबरून मी स्टार्टरचे बटण दाबणार, तेवढ्यात तो ओरडला, "बटणाला हात लावू नका!" तो आणि मागच्या गाडीवरचा माणूस, दोघांनी मला आधी बाहेर काढले आणि मग गाडीला.

काठावर बसून मी खूप रडले. त्याने त्याचे कोरडे मोजे मला दिले आणि अर्धा तास एक शब्दही बोलला नाही. त्या अर्ध्या तासाबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

मिरजेचा मिस्त्री

ताई, बटण दाबले नाहीत हे फार चांगले झाले. आडव्या पडलेल्या गाडीत हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरपर्यंत जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचे, एअर फिल्टर सुकवायचा आणि मगच गाडी सुरू करायची.

मी दोन उन्हाळे अशा सहलींबरोबर मेकॅनिक म्हणून गेलो आहे. आपल्याकडच्या गाड्या मिरजेहून रेल्वेने पार्सल करताना टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि गाडी पेंढा व गोणपाटात बांधावी लागते. तिकडे गेल्यावर सर्वांत जास्त काम जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटवर निघते. हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल जवळजवळ तेवढेच सोडत राहतो, म्हणून गाडी काळा धूर सोडते आणि चढाला दम तोडते. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हे बरेचसे आपोआप सांभाळतात. दुसरे काम क्लचचे असते. आपली मुले खंबाटकीत चालवतात तशी अर्धा क्लच दाबून चढ चढतात, आणि ती सवय तिथे क्लच प्लेट जाळते.

मेकॅनिक सर्वांत शेवटी पोहोचतो, त्यामुळे गावात शिरेपर्यंत अंधार झालेला असतो. किब्बरला एका घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी माझ्यासाठी रात्री साडेनऊपर्यंत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, पेटती ठेवली होती. माझे तेल लागलेले हात पाहून त्यांनी आधी गरम पाण्याचे तपेले पुढे केले आणि नंतर खारा लोण्याचा चहा. त्या घरातली चूल, ते शेणाच्या गोवऱ्यांचे जळण, सगळे मला आमच्या बेडगच्या आजोळासारखे वाटले.

घाटातली धावपटू (सातारा)

अजिंक्यतारा दादा, लपवण्याची तुमची चूक मीही केली आहे आणि माझे कारण याहून वाईट होते. मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा पूर्ण केलेली आहे. यवतेश्वरचा चढ धावत चढणाऱ्या मुलीला उंचीचे काय होणार, असा माझा ठाम समज होता. प्रत्यक्षात आमच्या गटात सर्वांत आधी उलट्या मला सुरू झाल्या, आणि साठीच्या, गुडघेदुखीच्या एका काकू मजेत फिरत होत्या. डॉक्टरांनी नंतर समजावले की विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून ठरत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने वर जातो आणि स्वतःचा त्रास मान्य करत नाही, म्हणून अधिक धोक्यात येतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो.

भाच्याला एवढे नक्की सांगा की डोकेदुखी सुरू झाली तर त्याच क्षणी सांगायचे आणि आणखी वर जायचे नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर ती साताऱ्यातूनच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

वाईची आई

मी कुठेही गेलेले नाही, माझा मुलगा गेला होता. निघताना त्याने सांगितले होते की काझात बीएसएनएलशिवाय दुसऱ्या कशाचा भरवसा नाही आणि गावांत तर काहीच लागणार नाही. तरीही चार दिवस फोन आला नाही तेव्हा मी रोज संध्याकाळी घाटावर गणपतीसमोर जाऊन बसत होते. पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक मुलगा हिंदीत म्हणाला, "आंटी, तुमचा मुलगा जेवतो आहे, झोपतो आहे, काळजी करू नका. मी गावातून खाली आलो होतो म्हणून सगळ्यांच्या घरी फोन करतो आहे." तो त्यांचा वाटाड्या होता. बारा घरी त्याने स्वतःच्या फोनवरून हे सांगितले. आज हा धागा वाचून त्याला मनोमन आशीर्वाद दिला.

अजिंक्यतारा (सातारा)

काकू, तुमचे वाचताना मला माझी आई दिसली. मी तिलाही त्या रात्रीबद्दल सांगितले नव्हते.

कराडकर

सर्वांचे अनुभव चांगले आहेत, म्हणून माझा वेगळा अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. आम्ही ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी बावीस दुचाकींमागे एकच मेकॅनिक आणि एकच वाटाड्या दिला होता, आणि मनालीहून एका दिवसात थेट काझा गाठायचे ठरवले होते. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून अधिक उंच आहे. तिथल्या देवीच्या मंदिराला गाड्यांसह प्रदक्षिणा घालून पुढे जाण्याची प्रथा आहे. ती घालताना आम्ही एकवीसच आहोत हे माझ्या लक्षात आले. मागे राहिलेला मुलगा इस्लामपूरचा होता, त्याची साखळी तुटली होती आणि तो दोन तास एकटा थंडीत उभा होता. सर्वांत मागे कोणीच नेमलेले नव्हते. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला वर आणले.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात असे मी कळकळीने सांगतो. सर्वांत शेवटी कोण चालवणार, प्राणवायूची टाकी कोणत्या गाडीत असणार, आणि एखाद्याला रात्री खाली न्यायचे झाले तर कोणते वाहन व कोणता चालक मोकळा असणार. ही उत्तरे जिथे अडखळत येतात, तिथे स्वस्त दराचा मोह धरू नये.

अपशिंगेकर फौजी

त्या भागात सेवा केली आहे, म्हणून एकच विनंती करतो. त्या रस्त्यावर सीमा सडक संघटनेची माणसे काम करताना दिसतील. ही संघटना १९६० पासून हे काम करते आहे, आणि प्रत्यक्ष दगड फोडणारे बरेचसे मजूर झारखंडमधून आणि नेपाळमधून आलेले असतात. दरड कोसळली की हीच माणसे वाट मोकळी करतात. त्यांच्याजवळून जाताना गाडीचा वेग कमी करावा, कारण तुमची धूळ त्यांच्या छातीत जाते.

माणदेशी (आटपाडी)

मला गाडीपेक्षा त्या वाटाण्यांविषयी लिहायचे आहे. मी शेतकरी आहे आणि तीन वर्षांपूर्वी मुलाच्या गाडीवर मागे बसून लांग्झा आणि कोमिकपर्यंत गेलो होतो. स्पिती पर्जन्यछायेत आहे हे ऐकले होते, पण आमच्या माणदेशालाही सह्याद्रीची सावली पडते, त्यामुळे उघडे डोंगर पाहून मला परके वाटले नाही. तिथले लोक वरच्या बर्फाचे पाणी कूल नावाच्या लांबच लांब पाटांनी शेतापर्यंत आणतात आणि ते पाळीने वाटून घेतात. एका वर्षात एकच पीक निघते. आमच्या यजमानांनी सांगितले की हिवाळ्यात बर्फ कमी पडले तर पाट आटतात आणि वाटाणा वाळून जातो. आम्हाला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मी त्यांना आमच्या टँकरच्या रांगांविषयी सांगितले, आणि आम्ही दोघे बराच वेळ बांधावर बसून राहिलो.

तेव्हा दादा, आमांनी दिलेली मूठ त्यांच्या वर्षाच्या एकमेव पिकातली होती. लांग्झाच्या मातीत शंखांचे जीवाश्मही सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम असतो त्याच जातीचे, कारण हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता. गावातली मुले ते विकायला आणतात, भाच्याने ते विकत घेऊ नयेत. वाटाणे मात्र कोणी दिले तर नाकारू नयेत.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, ते वाटाणे इकडे रुजतील का? थंडीत कुंडीत लावून पाहावेसे वाटते.

माणदेशी (आटपाडी)

ताई, इतकी वर्षे खिशात राहिलेले बी उगवण्याची आशा थोडीच आहे, तरी रात्रभर भिजवून कार्तिकात चार दाणे लावून पाहायला हरकत नाही. आपल्याकडे थंडी तीन महिन्यांची, एवढीच अडचण.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. फौजी दादांची विनंती आणि कराडकरांचे तीन प्रश्न मी भाच्याला आज संध्याकाळी वाचून दाखवले. त्याने लगेच सहलवाल्यांना फोन लावला आणि मागे कोण असणार ते विचारून घेतले. चार दाणे मी ठेवून घेतले आहेत. लांग्झाच्या त्या घराच्या दारात काढलेला आमांचा फोटो माझ्याकडे होता, तो पोवई नाक्यावर मोठा करून घेतला आणि कंदी पेढ्यांच्या डब्याबरोबर त्याच जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. फोटोच्या मागे मराठीत लिहू की हिंदीत, यात बराच वेळ गेला. तिकडे नमस्कारालाही आणि आभारालाही जुले म्हणतात, म्हणून शेवटी "जुले आमा" एवढेच लिहिले आणि खाली २०१८ घातले.