ग्रामपंचायत बिनविरोध व्हावी की लढत व्हावी?

वाटसरू:
गावात एकोपा राहावा म्हणून ग्रामपंचायत बिनविरोध करा, असा आग्रह दर निवडणुकीला होतो. २०२१ च्या निवडणुकीआधी काही आमदारांनी बिनविरोध गावांना निधीही जाहीर केला होता. माझा याला ठाम विरोध आहे. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या घरात गेली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. पैसा मंदिराला जाणार होता म्हणे. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याने गावचा कारभार करायचाच नाही का?

काळी माती:
लिलाव वाईटच, त्यावर वाद नाही. पण लढतीनंतर गावात काय होतं ते बघा. चुलतभाऊ बांधावरचा रस्ता अडवतात, भावकी एकमेकांच्या मयतीला जात नाही. पॅनेलच्या जेवणावळींचा खर्च नंतर टक्केवारीतून वसूल होतो. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तीस वर्षं बिनविरोध राहिलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाणलोटाची कामं याच काळातली. दर पाच वर्षांनी गावात दोन गट पडले असते, तर मतांसाठी कुणीतरी चराईबंदी उठवलीच असती.

वाटसरू:
हिवरे बाजारला २०२१ मध्ये मतदान झालं आणि गावाचं काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. काम होतं, लोकांनी मत दिलं. लढतीने काय बिघडलं? शिवाय तिथली ग्रामसभा जागी आहे. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती भरते, तिथे विरोधी सदस्यही नसेल तर हिशोब मागणार कोण?

माजी सदस्य:
मी पहिल्यांदा महिला राखीव जागेवर बिनविरोध आले. माझं नाव पुरुष मंडळींनी पारावर ठरवलं, मला घरी येऊन फक्त सांगितलं. पाच वर्षं पुढे केलेल्या कागदावर सह्या केल्या. पुढच्या खेपेला समोर उमेदवार होती, म्हणून दारोदार फिरावं लागलं. वरच्या आळीत नळाला पाणी चढत नाही हे तेव्हा बायकांनी मला ऐकवलं. निवडून आल्यावर मासिक सभेत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्याच पाण्यासाठी. भांडणं झाली, दोन घरांनी अजून बोलणं टाकलंय, त्याचं वाईट वाटतं. तरी मी लढतीच्याच बाजूने आहे.

काळी माती:
ताई, तुमचं पटतं. पण तुम्ही उभ्या राहू शकलात. कर्ज काढून पॅनेल उभं करणारे आणि हरल्यावर जमीन विकणारे मी पाहिलेत.

वाटसरू:
मग खर्चावर लगाम घाला, मतदानावर कशाला? २०२४ ला सुरत लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि लाखो मतदारांना बोटाला शाईच लागली नाही. बिनविरोधात 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कुणीही नको'चं बटणही हाती येत नाही. एकच अर्ज उरला तरी मतदान घ्या, नोटा विरुद्ध तो उमेदवार.

काळी माती:
आणि नोटाचा प्रचार कोण करणार? ज्याला माघार घ्यायला लावली, तोच. म्हणजे गट आलेच, जेवणावळी आल्याच.