मदत हवी आहे: पुण्यात पौड रोड ते डेक्कन सायकलने, बस-रिक्षा आणि चालणारी माणसं यांच्यातून कसं जावं?

नमस्कार मंडळी,

लेकीला यंदा अकरावीला डेक्कनजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि ती सायकलनेच जाणार म्हणून हटून बसलीय. घर पौड रोडच्या आतल्या गल्लीत, म्हणजे अंतर फार नाही. मला सायकलचं वावडं नाही, आम्ही सगळे याच शहरात कॉलेजला सायकलनेच गेलो. पण तेव्हाचा कर्वे रोड वेगळा. आता वर मेट्रो, मधे खांब आणि नळ स्टॉपला दुमजली पूल.

हेल्मेट, दिवे, कुलूप यांवरचे जुने धागे वाचले. माझी अडचण माणसांशी वागण्याची आहे. परवा तिच्या मागून स्कूटरवर गेले (ती वैतागली, तरी गेले). मागच्यांना अडचण नको म्हणून ती अगदी फूटपाथला चिकटून चालवते. त्यामुळे रिक्षावाल्यांना वाटतं, बाजूला भरपूर जागा आहे, आणि ते तिला खेटून पुढे जातात. कडेला गाडी उभी दिसली की ही अचानक उजवीकडे येते. एका गाडीचं दार तर हँडलच्या वीतभर पुढे उघडलं. उतरणाऱ्या बाईंनी मागे पाहिलंच नव्हतं, वर "हळू चालव की गं!" हेही ऐकवलं.

पुढे जंगली महाराज रस्त्याला सायकल ट्रॅक लागतो, तिथे आणखी वेगळी तऱ्हा. फिरायला आलेले आजी-आजोबा, लावून ठेवलेल्या दुचाकी, हातगाडी. घंटी वाजवली की आजोबा दचकून नेमके मधे येतात. नाही वाजवली तर "घंटी नाही का सायकलला?"

तर रोज सायकलने जाणाऱ्यांनो, कडेपासून किती आत चालवायची? घंटी केव्हा, किती? आणि दार उघडणाऱ्यांशी भांडावं की सोडून द्यावं?

पेडलपंत
ताई, भांडण सोडून द्या, पण कडेला चिकटणं आधी बंद करा. कडेपासून दोन हात आत, उभ्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब, आणि सरळ एका रेषेत. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि परत बाहेर यायचं, हे सगळ्यात वाईट, कारण मागच्याला तुम्ही दिसेनाशा होता आणि मग एकदम उगवता. उजवीकडे यायचं तर आधी मान वळवून मागे बघायचं, मग हात, मग सायकल. मान वळवली की रिक्षावालाही बघतो, हा माझा अनुभव.

बसचं मात्र नीट समजावा. स्टॉपवर थांबलेल्या बसच्या डावीकडून गेलात तर उतरणाऱ्यांच्या अंगावर जाता. बस सुटत असताना पुढच्या डाव्या कोपऱ्याशी असाल तर ड्रायव्हरला दिसतच नाही. मागे थांबायचं. अर्धं मिनिट जातं, जाऊ दे.

घंटी लांबूनच, एकदा. जवळ गेल्यावर तोंडाने: "काका, उजवीकडून येतेय." कुठली बाजू ते सांगितलं की माणूस दचकत नाही. कानात इअरफोन असेल तर तुमचा वेग त्याच्या चालीइतका करा. गर्दी असेल तर सरळ उतरून सायकल हातात घ्यायची.

लीड्सचा_बंड्या
आमच्याकडे ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये (म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमावलीत) हेच लिहिलंय: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. म्हणजे ट्रकवाल्याची गाडीवाल्यापेक्षा जास्त आणि सायकलवाल्याची पादचाऱ्यापेक्षा जास्त. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर जागा सोडायची. दार उघडताना दाराकडचा हात न वापरता पलीकडचा वापरायचा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. तुमच्या घरच्या गाडीत उजव्या दाराला डावा हात, डाव्या दाराला उजवा. फुकटात होणारी गोष्ट आहे, घरापासून सुरू करा.

एरंडवणेकर
पंतांशी सहमत. एक भर: सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्याला वाट द्यायची, हे आपल्याकडच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीतही आहे. देत कुणी नाही ही गोष्ट निराळी. लेकीने द्यावी, फक्त करकचून ब्रेक मारून नव्हे, नाहीतर मागची स्कूटर येऊन आदळायची. आधीपासून वेग कमी करत, हात खाली दाखवत थांबायचं.

आणि नळ स्टॉपला जायचंच कशाला? एसएनडीटी कॉलेजपाशी कॅनॉल रोडला वळा, लॉ कॉलेज रोड ओलांडा आणि प्रभात रोडच्या गल्ल्यांतून डेक्कन. थोडं लांब पडेल, पण सावली आहे. पावसाळ्यात ड्रेनेजच्या जाळ्यांवरून चाक आडवं न्यायचं, फटीत अडकलं तर पडणं ठरलेलं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पलीकडच्या हाताने दार उघडणं काल रात्री नवऱ्याला शिकवलं, तीनदा विसरला. कॅनॉल रोडचा मार्ग लेकीला पटलाय. आता एकच विचारते: लॉ कॉलेज रोड संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोणी सायकलने ओलांडतं का? उतरून पादचाऱ्यांबरोबर जाणं बरं, की गाड्यांच्या रांगेत थांबणं?