मदत हवी आहे: सिगरेट सोडली, पण चहाच्या वेळची तलफ जात नाही

राऊ_नाका

नमस्कार मंडळी.

सिगरेट सोडून पंधरवडा उलटून गेला. दहाचं पाकीट आणि वर दोन-चार सुट्या असा रोजचा हिशेब होता, तो पूर्ण बंद आहे. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. डोकं भणभणायचं, घरात प्रत्येकावर खेकसायचो, ही माहेरी जायच्या गोष्टी करू लागली होती. ते आता ओसरलंय. जेवणानंतरची तलफही निभते. गाडी अडते ती चहापाशी.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, नोकरी पीथमपूरला. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी चौकातल्या ठेल्यावर पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, मग कट चाय, मग गुमटी, म्हणजे पान-सिगरेटची टपरी. इतकी वर्षं हाच क्रम. गुमटीवाला मला रस्ता ओलांडताना बघतो आणि माझा ब्रँड काढून काचेवर ठेवतो, मागावी लागतच नाही. बाजूला सुतळीला बांधलेला लायटर लोंबत असतो. परवा माझा हात आपोआप त्याच्याकडे गेला, तोंडात काहीही नसताना. बसमधली पोरं हसली.

दुसरा फेरा दुपारी चारचा. कंपनीत आत ओढायला बंदी, म्हणून सगळे गेटबाहेरच्या टपरीवर जातात. कामाच्या निम्म्या गोष्टी तिथेच ठरतात: कोणाची शिफ्ट बदलणार, कुठली मशीन उघडायची, साहेबांचा मूड कसा आहे. नाही गेलो तर मला थेट ड्यूटीचार्टवरूनच कळतं. गेलो तर सगळ्यांच्या हातात सिगरेट, आणि प्रेमाने माझ्यापुढेही धरतात. "ले यार, एक से क्या होता है."

डॉक्टरांनी २ मिग्रॅचं निकोटिन गम सांगितलंय. चहासोबत तोंडात टाकतो आणि भराभर चावतो. तलफ जात नाही, वर उचकी आणि छातीत जळजळ. झोप उडाली आहे. आणि स्पष्टच लिहितो, सकाळी पोट साफ होत नाही. उठल्या उठल्या पहिली पेटवल्याशिवाय तिकडे कधी गेलोच नव्हतो.

तर चहाच सोडून द्यावा का? गम बदलावं का? आणि त्या टोळक्यात उभं राहून न ओढण्याची काही युक्ती कोणी केली आहे का? "मन खंबीर करा" एवढं कृपया लिहू नका, ते घरी भरपूर मिळतं.

खवय्या_सराफा

चहा कशाला सोडताय? एकदम तोडण्यापेक्षा दिवसाला दोनवर या. माझं असंच चाललंय, काही बिघडलं नाही.

गोळीबंद

वरचा सल्ला सोडून द्या, खवय्याभाऊ राग मानू नका. ज्याची एकदा सुटली आहे त्याने "दोनच" म्हणून परत सुरू केली की दोन कधी दहा होतात कळत नाही.

माझं मेडिकल आहे. निकोटिन गम नेणारे बहुतेक जण ते साध्या च्युइंगगमसारखं खातात आणि मग "गम बेकार आहे" म्हणून परत येतात. ते सतत चावायचं नसतं. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा. जीभ चुरचुरायला लागली, तिखटसर चव आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुरचुर गेली की परत थोडं चावायचं, जागा बदलून परत ठेवायचं. असं साधारण अर्धा तास. यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. तुम्ही भराभर चावता तेव्हा ते लाळेबरोबर पोटात जातं. उचकी आणि जळजळ त्याचीच.

आता चहा. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी यांनी तोंडात आम्लता वाढते आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. तुम्ही नेमकं चहाच्या घोटाबरोबर घेताय, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच ते वाया जातंय. चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, संपवा, मग चहा प्या. सकाळी पोह्यांच्याही आधी.

दुसरं, उठल्या उठल्या पहिली पेटवणारा माणूस, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, त्याला २ मिग्रॅ बऱ्याचदा कमी पडतं. ४ मिग्रॅ येतं, पण त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अंगावर चिकटवायचा निकोटिनचा पॅच लावून वर तलफेपुरतं गम असंही देतात, आणि नुसत्या गमपेक्षा ते जास्त लागू पडतं. तेही डॉक्टरांना विचारूनच. कोणी ई-सिगरेट सुचवली तर भानगडीत पडू नका, २०१९ पासून आपल्याकडे विक्रीवर बंदी आहे.

पोटासाठी रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. सिगरेट सोडल्यावर बद्धकोष्ठ अनेकांना होतं, काही आठवड्यांत आतडी रुळतात.

मालवी_मिरची

झोपेबद्दल लिहिते. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर मोडत असतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. गमचा याच्याशी संबंध नाही, फरक धुराचा आहे. बाबांनी सोडली तेव्हा हेच झालं. छातीत धडधड, हात थरथरतात, रात्री टक्क जागे. आम्हाला वाटलं सिगरेटचीच तलफ. आईने चहा निम्म्यावर आणला, दुपारनंतर बंद केला, तेव्हा झोप लागायला लागली. तुमच्या घरी येता-जाता चहा होत असेल (इंदूरमध्ये कुठे होत नाही?) तर आधी तो मोजा. पूर्ण सोडायची गरज नाही.

बडोदेकर_काकू

अरे बाबा, आमच्या ह्यांचं सांगते. दांडिया बाजारात आमच्या घराखालीच गल्ला, म्हणजे तुमची गुमटी, त्यामुळे पळून जाणार कुठे! ह्यांनी त्या टोळक्यात चहा आणायचं काम अंगावर घेतलं. दोन्ही हातांत ग्लास, मग सिगरेट धरणार कशाने? आणि पाच-सात मिनिटं उशिरा जायचे. तोवर बाकीच्यांच्या विझत आलेल्या असतात, गप्पा मात्र तेव्हाच रंगतात. तलफेची एक लाट येते आणि काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हाताला काम हवं.

गल्लेवाल्याकडे उधारीचं खातं असेल तर चुकतं करून बंद कर आणि त्याला तोंडावर सांग की माझ्यासाठी काढू नकोस. ह्यांना ते सांगायलाच सगळ्यात जड गेलं.

आणि एक लक्षात ठेव, सिगरेट सुटली म्हणून मावा किंवा पाउच तोंडात टाकू नकोस. आमच्याकडे शेजारचे तसे अडकले. निकोटिन तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट मोकळी.

गोळीबंद

काकूंना +१. अजून एक: सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो शोभेचा नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून २०१६ साली ही सेवा सुरू झाली. फोन फुकट आहे, समुपदेशक बोलतात आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात.

राऊ_नाका

सगळ्यांचे आभार. गम चहाच्या आधी घेऊन बघितलं, उचकी थांबली. गालात दाबून ठेवायचं असतं हे पाकिटातल्या कागदावर इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावूनही दिसत नाही! काकू, गुमटीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा किया भिया," आणि माझी बडीशेपची पुडी काढून ठेवू लागला. धंदा सोडत नाही पठ्ठ्या. चारच्या चहाला उशिरा जातोय. ग्लास आणायचं अजून जमलेलं नाही, तिथला पोरगा मला हात लावू देत नाही.

एक शंका राहिली. अनंत चतुर्दशीला गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) बघायला आम्ही जुने मित्र दरवर्षी रात्रभर बाहेर असतो. जागरण, चहावर चहा, आणि दोघे-तिघे "घेऊन" आलेले. त्या रात्रीपुरती एखादी चालेल का?

गोळीबंद

नाही. जा जरूर, पण घेऊ नका. दारू पोटात गेली की "एखादी"ला नाही म्हणणारा माणूस जागेवर राहत नाही. गम मोजून खिशात ठेवा, ओढत नाही अशा एखाद्या मित्राजवळ उभे राहा, आणि फारच झालं तर पहाटेची वाट न बघता घरी निघा. आणि चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. सिगरेट सुटल्यावर काही औषधांचा डोस बदलावा लागतो.