मदत हवी आहे: मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर फक्त ९ लिम्फ नोड (आतड्याजवळच्या लहान लसिका ग्रंथी) तपासले, पुढे काय करावं?

नमस्कार. माझ्या सासऱ्यांचं (वय ६४) मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ते आता हिंडूफिरू लागलेत, जेवणही नीट जातंय. प्रश्न आहे तो बायोप्सी रिपोर्टचा. त्यात लिहिलंय: पीटी३ (गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली), एन० (नोडमध्ये कॅन्सर नाही), तपासलेले नोड ९, कॅन्सर असलेले ०. म्हणजे दुसरी स्टेज.

शून्य वाचून घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण निदान १२ नोड तपासलेले असावेत, असा जगभर मान्य असलेला निकष आहे. कमी नोड पाहिले तर एखादा बाधित नोड नजरेतून सुटू शकतो, आणि एकात जरी कॅन्सर सापडला तरी दुसरी स्टेज तिसरी होते. मग केमोचा सगळा निर्णयच बदलतो. म्हणून मला या शून्यावर भरवसा ठेवून गप्प बसवत नाही.

काढलेला आतड्याचा भाग लॅबमध्ये फॉर्मॅलिनमध्ये काही काळच ठेवतात. त्याला चिकटलेल्या चरबीत पुन्हा नोड शोधून द्या, अशी विनंती कुणी केली आहे का? ती सर्जनमार्फत करायची की थेट पॅथॉलॉजिस्टकडे? एमएमआर टेस्ट (गाठीच्या पेशींत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का, हे पाहणारी) अजून झालेली नाही, केमो ठरवण्याआधी तिचा आग्रह धरावा ना? टाटा मेमोरियलमध्ये सेकंड ओपिनियनसाठी स्लाइड्ससोबत ब्लॉकही (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) न्यावे लागतात का?

ऑन्कॉलॉजिस्टची भेट पुढच्या आठवड्यात आहे. कुणी डॉक्टर असतील किंवा घरात असा अनुभव असेल, तर कृपया सविस्तर लिहा.