गावचा वाडा ग्रुप : गाडी परत बंद

दादा (गाव): गाडी परत बंद. सेल्फ मारला का टकटक करते अन् चूप. उद्या वरोऱ्याले लग्न आहे, घरचे आठ जण जायचे. मागच्या खेपेस गाडी कोणी नेली होती ते मी सांगत नाही. ज्याले समजायचं त्याले समजते.

काकाजी: बॅटरीचं पाणी पाहिलं का?

ताई (नागपूर): सुप्रभात 🙏 दादा, आम्हीच नेली होती, नाव घेऊन लिही ना. ताडोब्यावरून येताना डिझेल भरूनच आणली.

दादा (गाव): डिझेलचं कोण बोललं? आतला लाइट रातभर चालू होता, तेवढंच माहीत आहे मले.

भाऊजी (नागपूर): दादा, लाइट निमित्त झालं. बॅटरी चार उन्हाळे जुनी आहे.

फौजी (लेह): राम राम मंडळी. नवी घेताना सीसीए पाहा, म्हणजे थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती करंट देते तो आकडा. जितका जास्त तितकी भारी. इकडे उणे २० मध्ये हलकी बॅटरी असली तर गाडी उठतच नाही.

पिंट्या: तुयाकडे उणे २०, आमच्याकडे अधिक ४७. वजाबाकी करून २७ ची आणू का बे? 😂

गोंदियाची आत्या: आमची गाडी तं डिसेंबरातच बंद पडते. गर्मीत काही नाही होत तिले. उगाच उन्हाच्या नावानं बोंबलू नका.

काकाजी: पाणी पाहिलं का म्हटलं मी.

भाऊजी (नागपूर): आत्याबाई, ती मार खाते मे महिन्यात आणि मरते डिसेंबरात. गर्मीत सेल्फ उलट जोरात फिरतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण आतलं पाणी उडत राहतं, प्लेटांची जाळी गंजते. ढोबळ हिशोब असा, की दर १० डिग्रीला बॅटरीचं आयुष्य अर्धं होतं. मग थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन जास्त जोर मागतं आणि खिळखिळी बॅटरी तो देऊ शकत नाही. फौजीभाऊ, सीसीए मोजतातच उणे १८ डिग्रीला. लेहसाठी तुमचं सोळा आणे बरोबर. पण तो आकडा वाढवायला पातळ पातळ प्लेटा जास्त बसवतात, आणि पातळ प्लेट आपल्या उन्हात लवकर जाते. इथं जाड प्लेटाच बऱ्या.

फौजी (लेह): मान्य. इकडे उतरलेली बॅटरी तं गोठून फुटते. पूर्ण चार्ज असली का नाही गोठत.

ताई (नागपूर): गाडी भर दुपारी टिनाखाली उभी राहते, त्याचं काय? आधी कडुनिंबाखाली राहत होती.

दादा (गाव): कडुनिंब रस्त्यात येत होता.

काकाजी: तो मी लावला होता. असो. पाणी पाहा.

दादा (गाव): ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावू का गाडीले?

काकाजी: काढू नको. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्परची वायर लाव. प्लसले प्लस. मायनसची शेवटची चिमटी गाडीच्या इंजिनच्या लोखंडाले लाव, बॅटरीच्या खांबाले नाही. बॅटरीतून गॅस निघते, ठिणगी पडली का तोंडावर येते. एसटीच्या वर्कशॉपात पाहिलं आहे मी.

पिंट्या: झाली चालू 💪 चालू गाडीवर मीटर १४.२ व्होल्ट दाखवते. त्याच्या आधी बंद गाडीवर ११.८ होतं.

भाऊजी (नागपूर): म्हणजे अल्टरनेटर, चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा, ठीक आहे. चांगली बॅटरी रातभर उभी राहिली तरी १२.६ च्या आसपास पाहिजे.

पिंट्या: गाडी बंद करून बुचं खोलली. सहापैकी तीन खणांत प्लेटा उघड्या. अन् पांढरा थर आहे.

काकाजी: बोला आता.

ताई (नागपूर): बोअरचं पाणी टाकलं कोणी? आम्ही तर बॉनेटही उघडलं नव्हतं.

दादा (गाव): पंपावरच्या पोट्ट्यानं टाकलं असन.

काकाजी: बोअरच्या पाण्यात क्षार. डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे. बिसलेरीही नाही. आता भरून फायदा नाही, प्लेटा उघड्या पडून वाळल्या.

दादा (गाव): दुकानदार म्हणते एजीएम घ्या, म्हणजे आत काचेच्या लोकरीत ॲसिड शोषलेली बॅटरी, फॉरेनची टेक्नॉलॉजी आहे. भाव ऐकून मी चूप.

भाऊजी (नागपूर): नका घेऊ. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना ती लागते. इंजिनाजवळची गर्मी तिलाही सोसत नाही. गाडीच्या पुस्तकात जेवढं एएच, म्हणजे बॅटरीची साठवण, लिहिलं तेवढी घ्या. थोडी मोठी चालेल, पण ट्रेत बसली पाहिजे आणि प्लसचा खांब त्याच बाजूला पाहिजे, नाहीतर वायर पोचत नाही. बनल्याची तारीख वाचा. उन्हाळ्यात दुकानात पडून राहिलेली बॅटरी बसल्या बसल्याच उतरते.

गोंदियाची आत्या: बुचाची बॅटरी घ्यायची का सीलबंद?

भाऊजी (नागपूर): पाणी पाहणारा माणूस घरी असेल तर बुचाची. नसेल तर बंद.

दादा (गाव): हा टोमणा होता का जवाईबापू?

भाऊजी (नागपूर): नाही हो दादा 🙏

पिंट्या: होता 😂

काकाजी: बुचाचीच आण. दर महिन्याले मी पाहीन. जुनी बॅटरी फुकट देऊ नको, तिच्यात शिसं असते, तेवढे पैसे नवीच्या भावातून काप.

दादा (गाव): बरं. बिल तीन हिश्शांत. गाडी सगळ्यांची आहे.

ताई (नागपूर): आमचा हिस्सा आत्ताच टाकला. ताडोब्याच्या डिझेलचे पैसेही खाली लिहून ठेव.