जुन्या येझदीच्या बेंडपायपाला तांब्याची नळी कशासाठी गुंडाळली असेल?

बावड्याचा गिरणीवाला

मंडळी, नमस्कार. कसबा बावड्यात माझी पिठाची गिरण आहे. मोटर, पट्टा आणि जात्याचे दगड यापलीकडं मला मशिनरीतलं कळत नाही, हे आधीच सांगतो.

दिवाळीनंतर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून १९७४ ची येझदी मोटरसायकल घेतली. गोठ्यात उभी होती, अंगावर वैरण रचलेली आणि सीटवर कोंबडी उबवायला बसलेली. पिल्लं निघेपर्यंत म्हातारीनं गाडीला हात लावू दिला नाही. व्यवहार ठरल्यावर तीन आठवडे थांबलेला मी पहिलाच गिऱ्हाईक असेन.

गाडी नेहमीचीच, दोन सायलेन्सरची. किक पुढं पाडली की तीच गिअरची दांडी होते, ती गंमत लहानपणापासून माहीत आहे. पण आधीच्या मालकानं जे करून ठेवलंय ते मला आणि माझ्या मिस्त्रीला उलगडेना.

हँडलच्या मानेपाशी, टाकीच्या नाकाखाली, एक पितळी डबी पत्र्याच्या पट्टीनं आवळलीय. पाव लिटर मावेल एवढी, वर फिरकीचं झाकण. डबीतून एक नळी निघते आणि तीन तोंडाच्या कॉकला जाते. मोठ्या टाकीची नळी मात्र सरळ कॉकला जात नाही. ती तांब्याची आहे, आधी पुढं जाऊन उजव्या बेंडपायपाला, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या पायपाला, तीन वेढे घालते आणि मग मागं येते. आमच्या भावकीतल्या एकानं बघून विचारलं, "हातभट्टी लावायचा काय रं ह्याच्यावर?"

हेड उघडलं तर हेड आणि ब्लॉकच्या मधे ॲल्युमिनियमची रिंग निघाली. दोन मिलिमीटर जाड, लेथवर काढलेली, कडेला टूलचे ओरखडे दिसतात. हेडच्या चार नटांपैकी तिघांखाली वॉशर आणि चौथ्याखाली चक्क भोकाचा पैसा! घासून बघितला, १९४४ चा. पॉइंटची प्लेटही, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी, मागं सरकवलेली आहे, असं मिस्त्री म्हणतो. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना आकडे आहेत, ते दुधाच्या कॅनसाठी असणार, एवढं मला कळतं.

मिस्त्रीचं मत: वेड्याचं काम, सगळं काढून फेकूया. मला ते पटत नाही. वेडा माणूस नळीचे वेढे इतके एकसारखे घालत नाही. कुणी असं काही बघितलंय का?

आणि हो, टाकीचं झाकण उघडलं की आमच्या आज्जीच्या स्वयंपाकघराचा वास येतो. का ते सांगता येत नाही, पण येतो.

पेठकर

थंडीत कार्बोरेटर गारठू नये म्हणून गरम करायची सोय असेल. परदेशात असतं तसलं.

बावड्याचा गिरणीवाला

अहो, कोल्हापुरात कार्बोरेटर गारठायला पन्हाळ्यावर काय बर्फ पडतंय का?

उद्यमनगरचा लेथवाला

गिरणीवाले, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत हाय. आज्जी कशावर स्वयंपाक करायची? स्टोव्हवर. टाकीत रॉकेल होतं.

पस्तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली. नदीकाठच्या उसाला पाणी उपसायला पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर पळणारे छोटे पंप असायचे. असला तीन तोंडी कॉक त्यांच्यावरच असायचा. तुमच्या मालकानं तीच अक्कल गाडीला लावलीय. एकेक वस्तू सुटी बघितली तर खुळ्याचा बाजार वाटतो, म्हणून डबी, वेढे, रिंग आणि पॉइंट चारी एकदम बघा.

रॉकेल पेट्रोलसारखं उडत नाही. गार इंजिनात त्याची वाफ होत नाही, मग ठिणगी पडून उपयोग काय? म्हणून डबीत पेट्रोल. त्यावर किक मारायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं, मग कॉक फिरवून रॉकेलवर जायचं. मोठ्या टाकीचीच नळी बेंडपायपावरून का नेली? रॉकेल कार्बोरेटरात पडायच्या आधी ऊन व्हावं म्हणून. डबीची नळी सरळ आहे, कारण पेट्रोलला त्याची गरज नाही. आता रिंग. रॉकेलचा ऑक्टेन कमी, म्हणजे दाबाखाली ते आपोआप पेटतं. पेट्रोलच्या कॉम्प्रेशनला (दाबाला) ते ठोके मारतं. रिंग घालून हेड उचललं की कॉम्प्रेशन उतरलं. पॉइंट मागं घेतलेत तेही ठोके थांबवायलाच.

गाडीचं सालही जुळतंय. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपटीवर गेला. दूध घालणाऱ्याला रोज शहरात यावंच लागायचं. रॉकेल स्वस्त. रेशनचं रॉकेल गाडीत घालणं कायद्यात बसत नव्हतं, ते सोडा.

आता कामाचं ऐका. येझदी टू-स्ट्रोक, तिच्या इंजिनाला तेल मिळतं ते इंधनात मिसळलेलंच. वाफ न झालेलं रॉकेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरलं की तेलाचा थर धुऊन नेतं. तेव्हा बिगएंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं टोक) आणि क्रँकची बेअरिंगं हातानं हलवून बघा, नुसतं रंगकाम करून गाडी रस्त्यावर काढू नका. पोर्ट (ब्लॉकमधली धूर बाहेर जायची भोकं) आणि सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजलेली असणारच. आणि त्या वेढ्यांतून पेट्रोल सोडायचं न्हाई. नळीत उकळी फुटून वाफ अडकली तर गाडी बंद पडेल, ते परवडलं. पण जोड गळला तर तापलेल्या पायपावर थेंब पडून पेट घेईल.

रिंग काढणार असाल तर पॉइंट परत जागेवर आणा. नाहीतर गाडी ओढणार न्हाई आणि तुम्ही कार्बोरेटरला शिव्या द्याल. हेड बसवताना पिस्टनवर सोल्डरची तार ठेवून एकदा फिरवा, किती चपटी होते त्यावरून पिस्टन आणि हेडमधलं अंतर कळेल.

पैशाचं कोडं सोपं. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ पर्यंत पाडत होते, ब्राँझचे. एक वॉशर शेतात पडला असंल, मग घरातला पैसा घातला. आम्हीपण घातलेत.

जुनं ते सोनं

लेथवाले काकांनी बरोबर सांगितलं. पण माझा सल्ला वेगळा: सगळं काढा आणि गाडी कंपनीनं दिली तशी करा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. तुमची १९७४ ची म्हणजे वयात बसते.

उद्यमनगरचा लेथवाला

आणि तो नंबर घेतला की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणता येत न्हाई, हेपण सांगा की. प्रदर्शन, रॅली, नाहीतर पेट्रोल भरायला. गिरणीवाल्याला दळणाचे डबे पोचवायचे असतील तर?

जुनं ते सोनं

पन्नास वर्षांच्या गाडीवर दळण? काका, काळीज आहे का तुम्हाला?

उद्यमनगरचा लेथवाला

तिनं दुधाचे कॅन ओढलेत. पिठाला लाजंल व्हय?

बावड्याचा गिरणीवाला

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे गौरी-गणपतीची दळणं होती.

काका, तुमचं बोलणं तंतोतंत निघालं. बिगएंडला चांगलाच खुळखुळा होता, क्रँक भरायला दिलाय. उजव्या सायलेन्सरच्या जाळीतून खरवडून काढलेली काजळी मापटंभर निघाली, गिरणीवाल्याचं माप आहे, अतिशयोक्ती नाही.

रविवारी त्या गावी जाऊन म्हातारीला भेटलो. मोबाइलवर कॉकचा फोटो दाखवला तर हसायलाच लागली. मालक पहाटे चारला दूध घेऊन निघायचे, गंगावेशीला रतीब होता. नदीवरचा पंपही तेच दुरुस्त करायचे, कॉक त्याच पंपाचा. धूर इतका की गोठ्यात म्हशी खोकायच्या, म्हणून गाडी अंगणाच्या टोकाला नेऊन चालू करायची असा तिचा हुकूम होता.

कॉकचं मला नीट कळत नव्हतं, चालू करताना पेट्रोल हे समजलं, पण परत येताना काय? तर येताना गावाबाहेरच्या वडाखाली कॉक पेट्रोलवर फिरवायचा. वडापासून घरापर्यंत येताना कार्बोरेटरातलं रॉकेल जळून जायचं आणि वाटीत सकाळसाठी पेट्रोल उरायचं. वडाच्या आधी फिरवला तर पेट्रोल वाया.

"आन् इसरलं तर?" मी विचारलं.

"तर काय, सकाळी ढकलाय मी."

व्हिंटेज नंबराच्या भानगडीत सध्या पडत नाही. रिंग काढली, पॉइंट जागेवर आणले, टाकीची नळी सरळ केली. तांब्याचे वेढे गिरणीत खिळ्याला टांगलेत, दळायला आलेला प्रत्येक माणूस विचारतो आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो. नवे चार वॉशर आणले होते, त्यातले तीनच वापरले.

आता एकच अडचण. टाकी तीनदा धुतली तरी वास जात नाही. काका, काही उपाय?

उद्यमनगरचा लेथवाला

आज्जीच्या स्वयंपाकघराचा वास घालवून काय करणार? बरं, मूठभर बारीक खडी आणि पेट्रोल टाकीत घालून जोरात हलवा, दोनदा. आणि ते पेट्रोल मोरीत ओतू नका.