जुनी इमारत पाडायची की माणसं आत ठेवून सुधारायची?

सौदामिनी
दाट वस्तीतली इमारत पन्नाशीला आली की पाडण्याचीच भाषा सुरू होते. माझ्या मते आधी ती सुधारता येते का, ते बघायला हवं. फ्रान्समध्ये बोर्दो शहरातल्या ग्राँ पार्क वस्तीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारती होत्या, एकूण ५३० घरं. त्या पाडल्या नाहीत. दर्शनी बाजूला तयार भाग जोडून घरं वाढवली, काचबंद व्हरांडे आणि बाल्कन्या दिल्या. काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. घरात उजेड आला, शेजार टिकला. २०१९ मध्ये या कामाला वास्तुकलेचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला. पाडापाडीत आधी भरडले जातात ते भाडेकरू आणि म्हातारी माणसं. मला त्यांची काळजी वाटते.

जुनाजाणता
उदाहरण सुंदर आहे, पण तिथला सांगाडा धड होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो, त्याची अल्कता घटते आणि सळईचं संरक्षण संपतं. मग ओल पोचली की सळई गंजते. गंज फुगतो, काँक्रीट तडकतं, स्लॅबचे तुकडे पडू लागतात. अशा घरात कुणाला ‘थांबा, सुधारू’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

सौदामिनी
सळया गंजून गेलेली इमारत वाचवा असं मी म्हणतच नाहीये. पण स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून सांगाड्याची तपासणी, न करताच ‘धोकादायक’ म्हणून मोकळं व्हायचं? कितीदा मूळ दुखणं गळक्या पाइपात नाहीतर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असतं.

मितभाषी
सौदामिनीताईंशी सहमत. आणि लिफ्ट! गुडघे गेले की वरच्या मजल्यावरचा माणूस घरातच कैद होतो. बाहेरून लिफ्टचा मनोरा जोडता येतो. तळमजल्यावरचे लोक पैसे द्यायला कुरकुरतात, तिथे मजल्यानुसार वाटणी करावी.

निशिगंध
मी दोन्हीकडे नाही. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरचं नूतनीकरणच झालं होतं. तेव्हा बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही क्लॅडिंगमुळे (भिंतीवरच्या आवरणामुळे) जून २०१७ मध्ये आग भराभर वर चढली, ७२ माणसं गेली. सुरक्षेबद्दल रहिवासी आधीपासून ओरडत होते. त्यामुळे ‘सुधारणा’ म्हटलं की भिंतीवर काय लावणार, ते पेटतं का, आणि जिना मोकळा राहणार का, हे मी आधी विचारीन.

जुनाजाणता
निशिगंध, अगदी खरं. सौदामिनी, ऑडिटचा मुद्दा मान्य. पण ते करणारा इंजिनिअर दुरुस्तीच्या कंत्राटदाराचा नको, पुनर्विकास करणाऱ्या बिल्डरचाही नको. रहिवाशांनी स्वतः पैसे देऊन नेमावा आणि अहवाल प्रत्येक घरात पोचवावा. त्यात सांगाडा गेलाय असं निघालं तर मात्र मी पाडायलाच सांगेन, शेजार तुटला तरी.